अहो आजी की अगं आजी?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा व्याकरणासाठी आणि एकदा जिन्यातल्या त्या प्रसंगासाठी.

बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगते. तू माद्रिदच्या लाबापिएस भागात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतेस. जाऊन आठ महिने झाले. निघण्यापूर्वी एका मेक्सिकन शिक्षिकेकडे ऑनलाइन स्पॅनिश शिकलीस, ते आता अपुरं पडतंय. फळवाला तुला ‘दीमे’ म्हणतो, म्हणजे सरळ ‘सांग’, आणि ते तुला लागतं. तू काही मागायला गेलीस की ‘कृपया आपण मला देऊ शकाल का’ अशी वाक्याची आगगाडी जोडत बसतेस, तोवर मागची बाई दोन किलो टोमॅटो घेऊन गेलेली असते. आणि पहिल्या मजल्यावरच्या, ऐंशी ओलांडलेल्या आजी. दोन पिशव्या घेऊन त्या जिन्यात दम खात उभ्या होत्या. तुला म्हणायचं होतं, ‘बसा जरा, पिशवी द्या इकडे.’ तोंडातून आलं, ‘सिएन्ते.’ आजी बुचकळ्यात पडल्या, मग हसून म्हणाल्या, ‘तुतेआमे, ईखा.’ घरी येऊन तू अर्थ शोधलास: मला तू म्हण, पोरी. ‘पण ताई,’ तू लिहितेस, ‘आईपेक्षा मोठ्या बाईला एकेरीत हुकूम कसा सोडू? जीभच वळत नाही.’

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मी तुमच्याहून खूप लहान आहे, मला तू म्हणा.’ म्हणून मी तू म्हणतेय. ही ओळ ध्यानात ठेव, तिच्याकडे परत यायचंय.

आधी तो ‘हुकूम’ शब्द बाजूला काढू. आपण शाळेत या रूपाला आज्ञार्थ म्हणायला शिकलो आणि तेव्हापासून ते रूप आपल्याला काठी घेऊन उभं असल्यासारखं वाटतं. पण तुझ्या घरी कुणी पाहुणं आलं तर तुझी आई काय म्हणते? ‘या, या. बसा. पाणी घ्या. चपला राहू द्या, आतच या.’ पाच वाक्यं, पाचही आज्ञार्थी. हुकूम एकही नाही. ‘आपण कृपया बसू शकाल का’ असं आई म्हणाली, तर पाहुणा दारातूनच विचारेल, काही बिनसलंय का? स्पॅनिश घरात दार उघडलं की हेच ऐकू येतं: ‘पासा, पासा. सिएन्ताते. तोमा.’ ये ये. बस. घे. तुला अडचण येते, कारण तू हे इंग्रजीच्या रस्त्याने शिकलीस. तिथे सभ्य माणसाने प्रश्न विचारल्यासारखं करून मागायचं असतं. मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये गेलीस तर हा प्रदेश तुला पायाखालचा वाटेल, हे मी वीस वर्षं शिकवून खात्रीने सांगते.

मला तो कधी आपला वाटला तेही सांगते. विद्यार्थिदशेत स्पेनमधल्या सालामांका शहरात एका विधवा बाईंच्या घरी मी खोली घेऊन राहत होते. हिवाळा होता, ग्रंथालयातून परतायला रात्र व्हायची, तोवर बाई झोपलेल्या असायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज एक चिठ्ठी. त्यातली एक अजून माझ्या शब्दकोशात आहे. चारच वाक्यं: ‘कालिएन्ता ला सोपा. थिएर्रा ला बेन्ताना. आब्रीगाते. दुएर्मे.’ सूप गरम कर. खिडकी लाव. अंगावर काहीतरी घे. झोप. कुठेही ‘कृपया’ नव्हतं, आणि माझ्या आईच्या चिठ्ठीतही ते कधी नसायचं. त्या रात्री मी सूप गरम केलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आता याच चिठ्ठीतून रूपं बघू. यातलं एकही रूप तुला नव्याने पाठ करायचं नाहीये. ‘ती सूप गरम करते’ याला स्पॅनिशमध्ये तू काय म्हणशील? ‘कालिएन्ता.’ आणि ‘गरम कर’ याला? तेच, ‘कालिएन्ता.’ ती खिडकी लावते, थिएर्रा. खिडकी लाव, थिएर्रा. तो झोपतो, दुएर्मे, झोप, दुएर्मे. वर्तमानकाळातलं ‘तो किंवा ती’चं रूप उचलायचं आणि समोरच्याकडे बघून म्हणायचं, झालं तूचं आज्ञार्थ. ‘आब्ला’ म्हणजे बोल, ‘कोमे’ म्हणजे खा, ‘एस्क्रीबे’ म्हणजे लिही. मूळ क्रियापदाच्या पोटातला स्वर वर्तमानकाळात फुटत किंवा बदलत असेल तर इथेही तसंच होतं: थेर्रारचं थिएर्रा, दोर्मीरचं दुएर्मे, बोल्बेरचं बुएल्बे, पेदीरचं पीदे. वर्तमानकाळ येतो ना तुला? मग हे येतंच. तुझ्या स्वयंपाकघरातसुद्धा ही रूपं पडलेली आहेत. डबा उघडायच्या किल्लीला ‘आब्रेलातास’ म्हणतात, त्यात ‘आब्रे’ म्हणजे उघड. बूच काढायच्या यंत्राला ‘साकाकोर्चोस’, त्यात ‘साका’ म्हणजे काढ. छत्री म्हणजे ‘पाराग्वास’, ‘पारा’ म्हणजे थांबव, अडव. काय, तर पाणी. रूप शंभर टक्के तेच.

नियम मोडणारी आठ आहेत: दी (सांग), आथ (कर), बे (जा), पोन (ठेव, वाढ), साल (बाहेर पड), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). विद्यार्थी यांना घाबरतात. मी त्यांना मराठीकडे बघायला सांगते. दे, घे, ये, जा, हो: आपलीही सगळ्यात जास्त वापरातली आज्ञार्थं एकाक्षरी आहेत. शिवाय ‘बस’चं ‘बसा’, ‘कर’चं ‘करा’ असं सरळ होत असताना ‘ये’चं ‘या’, ‘घे’चं ‘घ्या’, ‘हो’चं ‘व्हा’ होतं, ते कुणी आपल्याला शिकवलं नाही. दिवसातून शंभरदा तोंडात आलं म्हणून बसलं. या आठांचंही तसंच होईल. स्वतःशी बोलताना ती वापर: किल्ली उचलताना ‘तेन’, जिना उतरताना ‘साल’. त्यांची पिल्लंही त्यांच्याच वळणावर जातात. मान्तेनेरचं ‘मान्तेन’, देतेनेरचं ‘देतेन’. फक्त देथीरची भावंडं वेगळी निघाली: बेन्देथीरचं ‘बेन्दीथे’ होतं, बेन्दी होत नाही.

आता उस्तेद, म्हणजे स्पॅनिशमधलं मानाचं ‘आपण’. इथेच जिन्यात तुझा पाय घसरला, म्हणून इथे थोडं थांबू.

पाठ्यपुस्तक सांगतं, ‘आर’वाल्या क्रियापदाला ए लाव, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना आ लाव: आब्ले, कोमा, एस्क्रीबा. म्हणजे तूच्या रूपातला शेवटचा स्वर उलटा करायचा. पण असं का, हे पुस्तक सांगत नाही, आणि मराठी माणसाला ते एका वाक्यात समजतं. उस्तेद हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्थेद’ या संबोधनातून झिजत आला. अर्थ ‘आपली कृपा’, म्हणजे जवळजवळ आपलं ‘सरकार’ किंवा ‘महाराज’. समोरच्या मोठ्या माणसाला तू-तुम्ही न म्हणता त्याच्याबद्दल तिसऱ्याच कुणाविषयी बोलल्यासारखं बोलायचं, आणि सांगायचंही नाही, फक्त इच्छा व्यक्त करायची. ‘महाराजांनी आत यावं.’ ‘आपण बसावं.’ उस्तेदचं रूप हे हुबेहूब आपलं ‘यावं, बसावं, घ्यावं’ आहे. ‘पासे उस्तेद’, आपण आत यावं. स्पॅनिश व्याकरणात त्याला इच्छार्थाचं रूप म्हणतात, हेही ओघाने आलं. म्हणूनच ते बनवताना बहुतेक वेळा ‘मी’च्या रूपाचा पाया घ्यावा लागतो: दीगो म्हणजे मी सांगतो, त्यावरून दीगा. तेंगोवरून तेंगा, पोंगोवरून पोंगा, साल्गोवरून साल्गा, बेंगोवरून बेंगा. या रांगेत न बसणारी थोडीच आहेत, बाया (जावं), सेआ (व्हावं), एस्ते (असावं), दे (द्यावं), सेपा (जाणावं). समोर अनेक माणसं असतील तर या सगळ्यांना शेवटी न लाव: पासेन, दीगान, बायान.

आणि तुझं ‘सिएन्ते’. तू चुकलीस ती अशी जागा आहे की जिथे भले भले चुकतात. ‘बसवणे’ म्हणजे सेन्तार आणि ‘जाणवणे’ म्हणजे सेन्तीर. सेन्तारचं तूचं रूप सिएन्ता, उस्तेदचं सिएन्ते. सेन्तीरचं तूचं रूप सिएन्ते, उस्तेदचं सिएन्ता. दोन्ही क्रियापदं एकमेकांचे कपडे घालून उभी! तू उस्तेदचं रूप अगदी बरोबर केलंस, पण शेपूट तोडलंस, आणि आजींना ऐकू आलं ‘जाणवून घे’. सेन्तार म्हणजे दुसऱ्याला बसवणं. स्वतः बसायचं तर ‘स्वतःला’ हा शब्द मागे जोडावाच लागतो. सिएन्ताते, तू बस. सिएन्तेसे, आपण बसावं. ते ‘ते’ आणि ‘से’ तुझे साक्षीदार आहेत. ते असले की कोण कुणाला बोलतंय यात संशय राहत नाही.

ही शेपटं जोडायचा क्रम मराठीचाच आहे. ‘मला ते दे’ म्हणताना मला आधी, ते नंतर. स्पॅनिशमध्येही मे आधी, लो नंतर, फक्त दोघं क्रियापदाच्या मागे येऊन चिकटतात: दामेलो. ‘त्याला ते दे’ म्हणताना त्याला-चा ‘ले’ बदलून ‘से’ होतो: दासेलो. शेपूट कितीही लांबलं तरी जोर मूळ जागेवरून हलत नाही. दीमे, दीमेलो, दोन्हींत जोर दीवरच. लिहिताना दीमेलोमध्ये त्या अक्षरावर तिरकी रेघ येते ती एवढ्याचसाठी, वाचणाऱ्याने जोर पुढे ढकलू नये म्हणून. नकार आला की ही शेपटं सुटून पुढे येतात आणि क्रियापदही बदलतं. आपलं ‘कर’ नकारात ‘करू नकोस’ होतं, तसंच. ते दुसऱ्या पत्रासाठी ठेवू.

लिहिताना आणखी एक गोष्ट छळते, पण बोलताना नाही. बुस्का (शोध) आणि बुस्के (शोधावं) हे देवनागरीत लिहिलं तर काहीच विचित्र वाटत नाही, क तो क. रोमन लिपीत मात्र तो क लिहायला पुढच्या स्वरानुसार वेगळी अक्षरं घ्यावी लागतात. उच्चार राखण्यासाठी स्पेलिंग वाकतं, एवढं कळलं की पागा-पागे, येगा-येगे सगळी सुटतात.

आता तुझ्या फळवाल्याकडे जाऊ. तुला त्याचा ‘दीमे’ लागतो, कारण तू त्याचा शब्दाला शब्द ‘सांग’ करतेस. आपल्या मंडईत अनोळखी बाईला कुणी ‘सांग’ म्हटलं तर मलाही लागेल. पण त्या फळवाल्याच्या ‘दीमे’चं मराठी ‘बोला ताई, काय देऊ?’ हेच आहे. स्पेनमध्ये तूचा परीघ आपल्या तूपेक्षा फार मोठा झालाय. दुकानदार, बरोबर काम करणारे, तुझ्या मुलीच्या मैत्रिणीचे आईवडील, सगळे त्यात येतात. तेव्हा तूही सरळ म्हण, ‘पोन्मे दोस कीलोस दे तोमातेस’, दोन किलो टोमॅटो दे. फार टोचलं तर प्रश्न कर, ‘मे पोनेस दोस कीलोस?’ दोन्ही सारखेच सभ्य आहेत. सभ्यपणा आवाजात असतो, ‘ओला’, म्हणजे नमस्कार, म्हणून सुरुवात करण्यात असतो. आपण ‘दे ना’, ‘जरा बघ की’ म्हणतो, तसं तिथे ‘आन्दा’ (चाल), ‘बेंगा’ (यावं), ‘मीरा’ (बघ) लावतात. आणि ही तीनही मुळात आज्ञार्थीच रूपं आहेत!

उस्तेदची सवय सुटू नये म्हणून शहराकडे बघ. पाट्या आणि यंत्रं बहुधा अहो-जाहोच करतात. पैसे काढायला गेलीस की पडद्यावर ‘इन्त्रोदुथ्का सु तार्खेता’, कार्ड घालावं. मग ‘रेतीरे सु तार्खेता’, कार्ड काढून घ्यावं. रांगेच्या यंत्रावर ‘एस्पेरे सु तुर्नो’, चौकात ‘थेदा एल पासो’, वाट द्यावी. अशी पाटी दिसली की उभ्या उभ्या तिचं तूचं रूप कर: रेतीरा, एस्पेरा, थेदे. फोन उचलताना लोक ‘दीगामे’ म्हणतात तेव्हा मनात ‘दीमे’ कर. दोन आठवड्यांत हात बसेल.

तू लिहितेस, मुलगी शाळेतून ‘सेन्ताओस’ (बसा), ‘बेनीद’ (या) शिकून येते आणि तुझ्या मेक्सिकन शिक्षिकेने हे कधी शिकवलंच नाही. ते साहजिक आहे. बोसोत्रोस, म्हणजे ज्यांना एकेकट्याला तू म्हणतो अशांना ‘तुम्ही सगळे जण’, लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत. करायला सगळ्यात सोपं: क्रियापदाच्या शेवटचा र काढून द लाव. आब्लाद, कोमेद, बेनीद. मागे ओस आला की द गळतो, सेन्ताओस. ‘निघा’ या अर्थी ‘ईदोस’मध्ये तेवढा टिकतो, पण प्रत्यक्षात स्पेनभर लोक ‘ईरोस’ म्हणतात आणि 2017 मध्ये स्पॅनिशच्या राजअकादमीने तेही मान्य असल्याचं सांगितलं. मुलीकडूनच शीक, तिचं बरोबर आहे. माद्रिदमध्ये तुला कोलंबियाचे लोकही भेटतील. ते ‘रेगालेमे उन काफे’ म्हणतील, शब्दशः ‘मला एक कॉफी भेट द्यावी’, आणि पैसे व्यवस्थित देतील. अर्जेंटिनाचा माणूस ‘बेन’ऐवजी ‘बेनी’ म्हणेल, नीवर जोर देऊन. गोंधळू नकोस.

राहिल्या आजी. लाबापिएसमध्ये मधे चौक आणि भोवती लाकडी गॅलऱ्या असलेल्या जुन्या इमारती आहेत, कोर्राला म्हणतात त्यांना. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला गिरगावातली चाळच आठवली. अशा ठिकाणी वाढलेली माणसं शेजाऱ्याला परकं ठेवत नाहीत. ‘तुतेआर’ हे क्रियापद तूपासून बनलंय, आपलं ‘अरे-तुरे करणं’ जसं बनलं तसंच. आपल्याकडे अरे-तुरेला भांडणाचाही वास आहे, म्हणून तू बिचकतेस. पण तूच सांग, तुझ्या आजीला तू काय म्हणायचीस? ‘आजी, बस गं,’ असंच ना? बहुतेक मराठी घरांत आई आणि आजी एकेरीत असतात. सासू ‘अहो आई’ असते. मान दोघींना असतो, आणि ‘अगं’ म्हणायचा हक्क मायेचा असतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तुला ‘अहो आजी’तून ‘अगं आजी’त यायला सांगितलंय. आणि तो शब्दही बघ, ‘तुतेआमे’: तुतेआर, त्याचं तूचं आज्ञार्थ, मागे मे. तूने बोल, हे त्यांनी तूनेच सांगितलं. तू मला पत्रात जे लिहिलंस, ‘मला तू म्हणा’, तेच. मी नाही म्हटलं असतं तर तुला कसं वाटलं असतं?

डॉक्टर, सरकारी कचेरी, पोलीस, अनोळखी म्हातारी माणसं, इथे उस्तेद ठेव. समोरच्याने सोडायला सांगितलं की सोड. त्यानंतरही धरून ठेवलंस तर ते मानाचं राहत नाही, अंतराचं होतं.

जिन्यात पुन्हा भेटल्या की एवढंच म्हण: ‘एस्पेरा. दामे ला बोल्सा.’ थांब, पिशवी दे इकडे. त्या दार उघडून ‘पासा, पासा’ म्हणतील तेव्हा आत जा. बसलीस की आणखी एक आज्ञार्थ वापर, ‘कुएन्तामे’. कोन्तार म्हणजे सांगणं, गोष्ट सांगावी तसं. पोटातला स्वर फुटून कुएन्ता, मागे मे. ‘कुएन्तामे कोमो एरा एल बार्रियो’, हा भाग पूर्वी कसा होता ते सांग ना मला. जाताना हातात वेळ असू दे, तासाभरात निघता यायचं नाही.

तुझी,
ताई